'मला चढत नाही' म्हणणाऱ्या आमच्या दादाला, ग्लासगोहून

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच विषय पेटला. विकेंडच्या नाकाबंदीत दादाचा मित्र पिऊन गाडी चालवताना अडकला, १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो म्हटल्यावर आमच्या बोरिवलीच्या दादाचं सुरू झालं की आपला कायदा उगाच कडक, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा म्हणजे काय राव, इंग्लंडमध्ये बघा ८० चालतं, आणि मला तर दोन लार्ज मारले तरी काही होत नाही. त्यावर आत्याने दारू कशी वाईट यावर मोठाच्या मोठा मेसेज टाकला, आणि मूळ मुद्दा गेला उडत.

मी राहतो स्कॉटलंडमध्ये. इंग्लंडात ८० आहे हे खरंय, १९६७ पासून तेच आहे, पण स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्येच ते ५० वर आणलं, युरोपात बहुतेक ठिकाणी ५० आहे आणि स्वीडनमध्ये तर २०. म्हणजे दादाने उदाहरणाला नेमका सगळ्यात ढिला देश उचललाय. आणि हिशोब तरी कर ना दादा, लार्ज म्हणजे ६० मिली, आपली व्हिस्की ४२.८ टक्के, म्हणजे २० ग्रॅम अल्कोहोल झालं, ७० किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी घेतलं तर ढोबळमानाने ४० पर्यंत जातं. दोन लार्ज म्हणजे तू लंडनमध्येही काठावरच!

आता ते 'काही होत नाही'. गंमत अशी की आपल्याला किती चढलीय हे ठरवणारा जो मेंदूचा पुढचा भाग, तोच आधी सुस्तावतो. झोकांड्या, जीभ अडखळणं हे नंतरचं. त्याच्या बरंच आधी एकाच वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवणं बिघडतं, आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला गाडी चालवणं म्हणजे दुसरं काय असतं, डावीकडून बाईक घुसतेय, डिव्हायडरवरून कोणीतरी उडी मारतंय, पुढच्या रिक्षाने इंडिकेटर न देताच वळण घेतलंय. ६० च्या स्पीडला ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन रिक्षा धर.

त्याहून बेक्कार म्हणजे उतरतानाचं. रक्तात तेवढंच अल्कोहोल असलं तरी चढताना जेवढी जाणवते तेवढी उतरताना जाणवत नाही, माणसाला वाटतं आता आपण एकदम ओके, पण हात-डोळे तेवढे सावरलेले नसतात. लिव्हर तासाला दर १०० मिली रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅमच काढतं, त्याला लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ कशाने घाई होत नाही (मिसळपावनेही नाही, सॉरी). रात्री एकला क्वार्टर संपवून सकाळी सातला चावी फिरवणारा माणूस ३० च्या वर असू शकतो. इथे डिसेंबरमध्ये पोलीस या 'दुसऱ्या दिवशी सकाळ'बद्दल मुद्दाम बजावतात. आपल्याकडे ग्रुपवर त्याबद्दल एक अक्षर नाही.

म्हणून इकडचं सगळं भारी असंही नाही हं. स्कॉटलंडने मर्यादा ८० वरून ५० केली, आणि ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं तर अपघात काही कमी झाले नव्हते. त्यांच्या मते एक कारण हे असावं की अंमलबजावणी पुरेशी झाली नाही. इथे पोलीस गाडी थांबवू शकतात, पण उगाच कोणालाही फुंकायला लावू शकत नाहीत, संशय किंवा काहीतरी कारण लागतं. मुंबईत नाकाबंदीला ओळीने सगळ्यांना फुंकायला लावतात, म्हणजे जे इथे नाही ते आपल्याकडे २००७ पासून आहे, आणि आपण त्यालाच शिव्या घालतोय.

माझं मत विचाराल तर ३० ला हात लावू नका, आत्याचं नैतिक प्रवचनही राहू द्या, फक्त १ जानेवारीची नाकाबंदी पहाटे गुंडाळू नका, सकाळी साडेसातला वाकोल्याला आणि दहिसर टोलनाक्याला लावा. स्कूलबसवाले, टेम्पोवाले, ऑफिसला निघालेले आमचे दादा, सगळे तेव्हाच रस्त्यावर असतात.