जुनी रायफल दरवर्षी खोलायची नसते

आपल्या खानदेशातल्या नेमबाजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘जुनी टार्गेट एअर रायफल दर पावसाळ्याआधी पूर्ण खोला, रॉकेलने धुवा, घरातलं कुठलंही तेल सढळ हाताने घाला, नळी ब्रशने घासा. न खोलता केलेली देखभाल म्हणजे नुसती वरवरची पुसपास.’ मला तो चार जणांनी पाठवला. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट रायफलीचं नुकसान करणारी आहे.

आधी खोलण्याचं बघू. माझ्याकडे फाइनवेर्कबाऊ ३००एस आहे, जर्मनीतल्या ओबर्नडोर्फची. ट्रिगर दाबला की नळीसकट तिची सगळी यंत्रणा दस्त्यावरच्या रुळांवरून जराशी मागे सरकते, म्हणून खांद्याला धक्का जाणवत नाही. हवा दाबणाऱ्या पिस्टनला ढकलणारी आतली स्प्रिंग रायफल कॉक (बाजूची लिव्हर ओढून सज्ज) केलेली नसतानाही दाबलेलीच असते. माझी एका मेकॅनिकने स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा, न लावता खोलली. शेवटचा भाग सुटला तशी स्प्रिंग उसळून भिंतीवर आदळली. कुणाचा डोळा गेला नाही हे नशीब. जोडून परत आली तेव्हा सरकताना खरखर ऐकू येत होती. रुळाच्या कडेला पेचकसाचा ओरखडा आहे, बोट फिरवलं की आजही लागतो. धडधाकट रायफल होती ती, नुसती ‘सर्व्हिसिंग’ला दिलेली.

‘कुठलंही तेल’ हे तर मला सगळ्यात घातक वाटतं. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. जळगाव-धुळ्याच्या जानेवारीत बाटली उन्हात ठेवावी लागते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेच तेल ट्रिगरमध्ये गेलं तर सकाळच्या सरावात काय होणार? जवसाचं तेल हवेने सुकून कडक होतं. लाकडी दस्त्याला ते छान, यंत्रणेत त्याची चिकट खळ होते. शिलाई मशीनचं तेल लिव्हरच्या सांध्याला चालतं, सुईच्या टोकावर मावेल एवढंच. पण पिस्टन जिथे हवा दाबतो त्या सिलिंडरमध्ये ते गेलं की दाबाने तापलेल्या हवेत पेटतं. मोठा आवाज, नळीतून धूर, आणि लोक खूश होतात की ‘पॉवर वाढली’. खरं तर प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा होतो आणि हवा अडवणारं सील जळतं. पिस्टनवरच्या जुन्या चामडी वॉशरला थोडं चेंबर ऑइल (सिलिंडरसाठीचं खास तेल) लागतं, पण पोलादी रिंगेवर तेल ओतायचं कारण नाही. रॉकेल तर चामड्यातलं उरलंसुरलं तेलही धुऊन नेतं.

शिवाय आपल्याकडची धूळ. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वाऱ्याबरोबर माती येते, जिनिंगजवळ राहणाऱ्यांकडे कापसाचे बारीक तंतू. जास्तीच्या तेलात हे सगळं बसलं की रुळांवर पॉलिश पेपरच फिरतो. म्हणून मी रूळ कोरड्या सुती फडक्याने पुसतो आणि मग तेलाचं बोट फक्त फिरवतो.

नळीला ब्रश नको. तापीवर गळाला लावतात तसली नायलॉनची दोरी घ्या, टोकाला कापडाची पट्टी, आणि मागून पुढे एकदा-दोनदा ओढा. त्या वेळी ब्रीच, म्हणजे छर्रा भरायची नळीची मागची बाजू, उघडी असते, म्हणून लिव्हर दुसऱ्याने घट्ट धरून ठेवायची. सुटली तर बोट जाईल. नळी साफ केल्यावर पहिले काही छर्रे इकडेतिकडे जातात, शिशाचा पातळ थर पुन्हा बसला की ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा झुबका) जुळतो. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी नळीला हात लावू नका. छर्ऱ्याविना तर कधीच उडवू नका, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर कोरडा आदळतो.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी: कधीतरी खोलावं लागतं. स्प्रिंग मोडते, सील म्हातारं होतं. पण त्याआधी ब्रीचच्या सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवून छर्रा झाडा. पट्टी उडाली तर हवा तिथून गळतेय. तिथलं छोटं सील बहुतेक वेळा रायफल न खोलताच बदलता येतं. सील बदलूनही ग्रुप फाटत असेल, आवाज बदललेला असेल, तरच स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या माणसाकडे जा, आणि तो कॉम्प्रेसर आधी डोळ्यांनी बघा.