फळ्यावरची तारीख

लेकीचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. निरोपाच्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकावर चार-चार ओळींचं गमतीदार शब्दचित्र वाचून दाखवायचं ठरलंय, आणि लिहायचं काम हिच्या गळ्यात पडलंय. वर्गात मुलं 41. ही सोडून 40. गेला आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. बोलता बोलता मध्येच उठते, वहीत काहीतरी खरडते, एकटीच हसते.

परवा रात्री वही माझ्यापुढे ठेवली. "आई, 34 झाली. बाकीच्या सहा जणांवर काही सुचतच नाहीये गं."

मी पहिल्यापासून वाचायला घेतली आणि खरंच सांगते, काही चित्रं इतकी सुरेख उतरलीत की त्या मुलांना मी कधी पाहिलेलं नाही तरी आता ओळखते. एक मुलगा आहे, त्याने म्हणे सगळ्या वर्षांत एकदाही स्वतःचं पेन आणलं नाही. पण वहीच्या शेवटच्या पानावर कोणाचं पेन कधी घेतलं याची तारीखवार यादी ठेवली, आणि प्रत्येक पेन संध्याकाळच्या आत परत गेलं. लेकीने लिहिलंय, "याला उधारी द्यायला बँकाही रांग लावतील." एक मुलगी परीक्षेत अर्ध्या तासात पुरवणी मागायची आणि अख्ख्या वर्गाच्या पोटात गोळा यायचा. तीन वर्षांनी कळलं की ती एका पानावर सातच ओळी लिहिते. एकाला घंटा व्हायच्या आधी चार सेकंद कळतं. त्याच्या दप्तराच्या चेनचा आवाज आला की सर स्वतःच पुस्तक मिटतात. आणि एक हसरी पोरगी, जिला विनोद उशिरा कळतो. सगळं शांत झालं, सरांनी पुढचं गणित सुरू केलं की मागून तिचं हसू येतं, आणि ते ऐकून वर्ग दुसऱ्यांदा हसतो. लेकीने लिहिलंय की एकाच विनोदावर दोनदा हसायला मिळालं ते हिच्यामुळे.

हे वाचताना मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग चार-पाच पानं अशी आली की हसू थांबलं. एकाच्या उंचीवर. एकाच्या फुटलेल्या आवाजावर. एकीच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांवर, तीही यमक जुळवून. दोघांची उगाच जोडी लावलेली. मी म्हटलं, ही पानं बदल. ती म्हणाली, "अगं, त्याला स्वतःलाच हसू येतं त्यावर. आम्ही रोज चिडवतो."

तेव्हा मी तिला जे सांगितलं ते आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. इथेही लिहिते.

आमच्या वर्गाची शब्दचित्रं मी लिहिली होती. माझं मराठी चांगलं म्हणून बाईंनी मला निवडलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. आमच्या वर्गात एका मुलाचे पुढचे दोन दात बाहेर होते. मी त्यांच्यावर एक ओळ लिहिली. ती ओळ इथे देणार नाही. त्या दिवशी सगळ्यात मोठा हशा त्याच ओळीला पडला. तोही हसला, हात तोंडावर धरून. मी स्टेजवरून ते पाहिलं आणि मला वाटलं, वा, त्यालाही आवडलं.

26 वर्षांनी सगळे पुन्हा भेटलो. गप्पा रंगल्या होत्या, कोणीतरी काहीतरी बोललं आणि तो खळखळून हसला, हात तोंडावर धरून. दात कधीच सरळ करून घेतले होते त्याने. हात मात्र अजून तिथेच. निघताना माझ्याजवळ आला, प्रेमाने बोलला, मुलांची चौकशी केली, आणि जाता जाता म्हणाला, "तुझी ती ओळ मला अजून पाठ आहे हं." म्हणूनही दाखवली. एक शब्द चुकला नाही. स्वरात राग अजिबात नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तो हात माझ्या ओळीमुळे होता का, आधीपासून होता? आधीपासून असणारच. म्हणजे जे झाकायला तो धडपडत होता, तेच मी माइकवरून वाचून दाखवलं. "तोही हसला" हा पुरावा म्हणून मी आता कधीच मान्य करत नाही. सगळा वर्ग बघत असताना सोळा वर्षांच्या मुलाने दुसरं काय करायचं?

लेक बराच वेळ गप्प बसली. मग वादाला उतरलीच, माझीच आहे ती. "पण मग गंमत कशी करायची? सगळ्यांना गोड गोड लिहू?"

गोड गोड तर अजिबात नको. 'वर्गाचा हिरा', 'सदैव हसतमुख', 'सर्वांचा लाडका', हे कोणालाही चिकटवता येतं. असं वाचून घेताना त्या मुलाला कळतं की आपल्याकडे कोणी नीट पाहिलेलंच नाही. ते चिडवण्याइतकंच लागतं, फक्त तक्रार करायची सोय नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की दिसण्यावर लिहूच नका, करण्यावर लिहा. विशेषण खोडा, क्रियापद शोधा. हे मी नुसतं चांगुलपणाने म्हणत नाही, याला व्यवहारी कारण आहे. 1975 साली अमेरिकेत हॅरी बाह्रिक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 392 जणांच्या आठवणीची परीक्षा घेतली होती, नुकतंच हायस्कूल सोडलेल्यांपासून सत्तरी ओलांडलेल्यांपर्यंत. वर्गाच्या जुन्या वार्षिकांमधले फोटो दाखवले आणि विचारलं, यातला तुमच्या वर्गातला कोण? शाळा सोडून 30 वर्षं झालेल्या लोकांनीही सुमारे 90 टक्के चेहरे बरोबर ओळखले. पण काही न दाखवता, नुसती नावं आठवून सांगा म्हटल्यावर आकडा कितीतरी खाली आला.

म्हणजे चेहरा आपण विसरत नाही. तो डोक्यात आपोआप राहतो, वर ग्रुप फोटो आहेच. मग त्या चार ओळी नाकावर आणि दातांवर कशाला खर्च करायच्या? शेवटच्या पानावरची पेनांची यादी कुठल्या फोटोत येणार आहे? सात ओळींचं पान, चार सेकंद आधी वाजणारी चेन, उशिरा येणारं ते हसू, हे कोणी लिहून ठेवलं नाही तर दहा वर्षांत पुसलं जाईल.

जुन्या लोकांना हे कळलेलं होतं. अरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस, त्याने सुमारे 2300 वर्षांपूर्वी माणसांच्या 30 तऱ्हा लिहून ठेवल्या. त्यातला खुशामतखोर दिसतो कसा, हे तो सांगत बसत नाही. तो माणूस काय करतो ते सांगतो. चालता चालता मोठ्या माणसाच्या अंगरख्यावरचा धागा हळूच वेचून काढतो. बस, एवढ्यात तो माणूस उभा राहिला. असले धागे वेचणारे आजही आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

पुटकुळ्यांचं पान तिने फाडलं. त्या मुलीबद्दल काय लिहू म्हणून विचार करायला लागली आणि दोन मिनिटांत तिला आठवलं की ही मुलगी कुठलीही गोष्ट शेवटापासून सांगते. "आणि मग तो पडला" इथून सुरुवात, कोण पडला ते सगळ्यात शेवटी. दोघी हसलो. नवं पान जुन्यापेक्षा दसपट विनोदी झालं. जोडी लावलेली दोन्ही पानंही तिने न बोलता काढली.

मग ते सहा जण. खरं काम तिथेच होतं.

एकीचं नाव घेऊन ती म्हणाली, "ही ना, शांत आहे." चार मैत्रिणींना फोन लावले. चौघींचं उत्तर तेच, शांत आहे. मी म्हटलं, ते झालं तिचं न बोलणं. ती वर्गात रोज सहा तास असते ना? त्या सहा तासांत काय करते? हिला सांगता येईना. इतकी वर्षं एका वर्गात काढली आणि एक क्रियापद सापडत नव्हतं. त्याचं तिला मनापासून वाईट वाटलं, आणि मला वाटतं, ते वाटायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती धावतच. त्या मुलीच्या शेजारी बसणारीला विचारलं होतं. ती म्हणाली, "अगं, तारीख तीच लिहिते ना."

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज सकाळी तारीख लिहिलेली असते. कोण लिहितं हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. मागे ती मुलगी आजारी होती, तेव्हा आठ दिवस फळ्यावर एकच तारीख होती. सगळ्यांनी ती वहीत उतरवून घेतली, मग खोडली, एकमेकांना "आज किती तारीख रे?" विचारत राहिले. ती परत आली आणि तारीख पुन्हा बरोबर झाली. इतकं होऊनही कोणाच्या लक्षात आलं नाही.

लेकीने लिहिलं: "ही आजारी पडली आणि आमच्या वर्गात आठ दिवस मंगळवारच होता. ही बरी झाली तेव्हा कुठे बुधवार उजाडला."

बाकी पाच जणांचं असंच शोधकाम चालू आहे. प्रत्येकाचं पान कार्यक्रमाच्या आधी त्याला एकट्याला वाचायला द्यायचं, असंही मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. मजा जाते म्हणून ती थोडी नाराज आहे. गेली तर जाऊ दे. एखाद्याचा चेहरा उतरला तर अजून दुसरं पान लिहायला वेळ आहे. माइकवर वाचल्यानंतर तो नसतो.

काल ती झोपल्यावर मी माझ्यासाठी एक कोरा कागद घेतला. दातांवर ओळ लिहिली होती तो मुलगा वर्गात काय करायचा? बराच वेळ फक्त तो हातच डोळ्यांसमोर येत होता. मग आठवलं. चित्रकलेच्या तासाला तो सगळ्यांच्या पेन्सिली छिलून द्यायचा. छिलका मध्ये कुठेही तुटू द्यायचा नाही, अख्खी लांब सळसळीत गुंडाळी निघायची, लाल काठाची. ती तो कंपासपेटीत जपून ठेवायचा. एकदा झाकण उघडलं तेव्हा आत पट्टी, करकटक काही दिसेना, नुसती फुलंच फुलं.

त्यावर चार ओळी लिहिल्या आणि आज सकाळी त्याला पाठवल्या, माफी मागून. अजून त्याने उघडलेल्या नाहीत.