भुरीच्या कानाची खाच

दिवाळी झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली भुरी पाच दिवस गायब होती. सहाव्या दिवशी दुपारी पालिकेची गाडी आली, मागची जाळी उघडली आणि भुरी खाली उतरली. उतरली कसली, पडलीच. कानाचं टोक कातरलेलं, पोटावरचे केस भादरलेले, मधोमध टाक्यांची बोटभर रेघ. इस्त्रीवाल्याच्या टपरीखालची तिची जागा दहा पावलांवर होती, पण ती तिकडे गेली नाही. रस्त्यात उभी राहून बराच वेळ नुसती हुंगत राहिली. मी "भुरे" म्हणून हाक मारली तर माझ्याकडे बघून दोन पावलं मागे सरकली. चार वर्षं माझ्या हातची पोळी खाल्लेली कुत्री!

गाडी मीच बोलावली होती, तिच्या नसबंदीसाठी (कान कातरतात तो त्याचीच खूण म्हणून), हे आधीच सांगून टाकते. दोनदा व्याली होती ती. अकरा पिल्लांतली दोन जगली आणि चाकाखाली गेलेलं एक मी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून उचललं होतं. तेव्हाच ठरवलं, आता पुरे. पण जाळं पडल्यावर ती जी ओरडली ते अजून कानातून जात नाही. पकडणारे दादा मला म्हणाले, "ताई, तुम्ही आत जा. तुमच्याकडे बघून जास्त ओरडतीये."

हे सगळं आज लिहायचं कारण माझा भाचा. बारावीला आहे, म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळं करतो, हल्ली परग्रहवासीयांचे व्हिडिओ बघतो. परवा जेवताना म्हणाला, "मावशी, एलियन माणसांना उचलून नेतात ना, ते चांगलेच असणार. वाईट असते तर परत आणून कशाला सोडलं असतं?" एरवी मी हसून भात वाढला असता. पण नेमकी त्याच वेळी भुरी दाराशी येऊन बसली होती, कापलेला कान हलवत.

या उचलून नेण्याच्या कहाण्यांतली सगळ्यात गाजलेली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधली. 19 सप्टेंबर 1961 ची रात्र. बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं कॅनडाची सहल आटोपून गाडीनं घरी निघालं होतं. ती समाजकल्याणाच्या कामात, तो टपाल खात्यात. आकाशातला एक दिवा आपल्या मागे येतोय असं त्यांना वाटलं, आणि पुढे लक्षात आलं की प्रवासातल्या जवळपास दोन तासांचा हिशेबच लागत नाही. मग बेटीला स्वप्नं पडायला लागली. 1964 मध्ये बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहनाखाली बोलतं केलं, तेव्हा बाकीचं बाहेर आलं. यानात नेलं, केसांचे, नखांचे, कातडीचे नमुने घेतले, बेटीच्या बेंबीत लांब सुई घातली आणि ही गर्भाची चाचणी आहे असं सांगितलं. मग परत गाडीपाशी आणून सोडलं.

खुद्द सायमन यांचं मत होतं की ही हकिगत बेटीच्या स्वप्नांतून तयार झाली. मलाही तसंच वाटतं. पुढच्या कित्येक कहाण्यांत तर माणूस अंथरुणात असतो, जाग आलेली असते पण अंग हलत नाही, आणि खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं. डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. आमच्या गावाकडे अशा वेळी छातीवर मुंजा बसायचा. तिकडे करड्या अंगाचे, मोठाल्या डोळ्यांचे लोक येतात. ज्याचं त्याचं गाव, ज्याचं त्याचं भूत.

पण घटकाभर खरं धरू. भाच्यासाठी.

भुरीला बोलता आलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं? दोन पायांवर चालणारे आले. हलता येईना. एका पेटीत घातलं, पेटी गुरगुरत होती. पांढरा उजेड, सुई, मग काहीच आठवत नाही. जाग आली तेव्हा पोटात काहीतरी कमी होतं. अंगावर खूण करून जिथून उचललं तिथेच सोडलं. गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नसता. एकदोघांनी फक्त आपापले कातरलेले कान दाखवले असते. (हिल जोडप्याच्या गाडीत त्या रात्री डेल्सी नावाची त्यांची डॅक्सहुंड कुत्रीही होती. तिला कुणी संमोहनाखाली काही विचारलं नाही. खरं तर दोन्ही बाजू कळणारी तीच.)

आता भाच्याचा मुद्दा. परत का सोडलं? मी हाच प्रश्न गाडीवाल्या दादांना विचारला होता, जरा वेगळ्या सुरात. "दादा, परत इथेच आणाल ना?" ते म्हणाले, "इथेच. नियमच आहे, ताई. ही जागा रिकामी ठेवली तर नाल्यापलीकडची चार येतील. ही आहे तोवर ती इकडे फिरकत नाहीत." म्हणजे भुरीला परत आणलं ते तिला टपरीची आठवण येईल म्हणून नव्हे. ती पिल्लं न देणारी, लस टोचलेली जागाधरू आहे म्हणून. 2023 च्या नियमांत हेच आहे: नसबंदी करा, रेबीजची लस द्या, होती तिथेच सोडा. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. माणसांना होणारा रेबीज जवळपास सगळा कुत्र्यांमार्फतच होतो, आणि गल्लीत लहान मुलं आहेत. पण "परत आणून सोडलं" यातून माया सिद्ध होत नाही, एवढंच माझं म्हणणं. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं 11 तारखेला दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं आणि 22 तारखेला त्यात बदल करून, पिसाळलेली आणि आक्रमक वगळता बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर परत सोडा म्हटलं. त्या अकरा दिवसांत देशभर केवढी भांडणं झाली. ज्यांच्यासाठी झाली त्यांना पत्ता नव्हता.

उलट बाजूनं बोलणारे शहाणे लोकही आहेत. जॉन मॅक हे हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ, लेखनासाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालेले, म्हणजे उटपटांग माणूस नव्हे. 1990 च्या दशकात त्यांनी, आपल्याला परग्रहवासीयांनी उचलून नेलं होतं असं सांगणाऱ्या लोकांचं म्हणणं मन लावून ऐकलं, त्यापायी विद्यापीठाची चौकशीही सोसली. त्यांच्याकडे आलेले बरेच जण सांगत, की आधी भयंकर भीती वाटली, पण नंतर आपण बदललो, पृथ्वीचा नाश चाललाय म्हणून त्या परग्रहवासीयांनी आपल्याला सावध केलं. म्हणून ते हितचिंतक. इथे माझं बिनसतं. महिनाभरानं भुरीही परत माझ्या पायात लोळायला लागली. मी सोसायटीभर सांगत सुटले, "कळलंय हो तिला, तिच्या भल्यासाठीच केलं." काही कळलेलं नाही तिला. पोळी माझ्याकडे आहे, एवढं कळलंय. पकडलेल्याला पुढे पकडणारा आवडायला लागला, तर त्यावरून पकडणाऱ्याचा हेतू कसा ठरवायचा?

आणि भलं म्हणजे कुणाचं, हाही घोळ आहेच. माझ्या मामाला भातकापणीत घोणस चावली होती, चिपळूणच्या बाजूला. वाचला. वाचवलं ते बाटलीतल्या औषधानं, आणि त्या औषधामागे दोन जनावरं असतात. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जातात, मग त्याचं रक्त काढून त्यातला उपयोगाचा भाग घेतात. आणि विष येतं सापाकडून. चेन्नईजवळ इरुला आदिवासींची सहकारी संस्था आहे, 1978 पासूनची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं पकडून आणायचे, मडक्यात तीन-चार आठवडे ठेवायचे, तेवढ्यात काही वेळा विष काढायचं, पोटाखालच्या खवल्यांवर खूण करायची आणि रानात सोडून द्यायचं. खूण दिसली की हा लगेच पुन्हा धरायचा नाही, हे कळतं. याच लोकांचं पोट आधी सापांच्या कातड्यावर चालायचं, त्यामुळे सापाच्या दृष्टीनं ही मोठीच सुधारणा. पण त्या घोणशीनं माझ्या मामासाठी काही दिलेलं नाही. तिच्याकडून काढून घेतलं. उद्या एखाद्या ग्रहावर कुणाचा तरी मामा तापानं फणफणलाय आणि त्यावरचा उतारा बेटी हिलच्या बेंबीत आहे, असं निघालं तर? मामा माझा असता तर मी सुई घाला म्हटलं असतं. ही कबुली द्यायला बरं वाटत नाही, पण देते.

बिबट्यांच्या बाबतीत तर आपण चांगुलपणानं गोंधळ वाढवून ठेवला. जुन्नर भागात उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडायचे, दोघांचंही भलं, असं वाटायचं. झालं उलटं. अनोळखी मुलखात सोडलेल्या बिबट्यांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी हे अभ्यासून दाखवलं. 2009 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला, त्याला त्यांच्या चमूनं जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. नाव ठेवलं आजोबा. हा गडी महिनाभरात सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला, वाटेत महामार्ग, रेल्वे, खाडी सगळं ओलांडून, कुणाच्या वाटेला न जाता. त्याला कुठे जायचं होतं ते आपल्याला त्या पट्ट्यामुळे कळलं. त्याला जायचं होतं, हेच मुळी तोवर आपल्या हिशेबात नव्हतं. 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारची बिबट्यांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात ऊठसूट बिबटे पकडू नका असंच सांगितलंय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आजोबा एका वाहनाखाली गेला. कातडीखालच्या चिपवरून ओळख पटली.

पट्टा घालणाऱ्यांचा त्याच्यावर जीव होता याबद्दल मला शंका नाही. माझ्या आबांचाही बैलांवर होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते हळद आणि तूप घेऊन बैलांचे खांदे मळायचे आणि कानाशी वाकून म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मला वाटायचं बैलांना समजतं. ज्या खांद्याला ते तूप चोळत, त्याला घट्टे पडले होते ते आमच्याच जुवाचे, आणि दोन्ही बैल बडवलेले, म्हणजे खच्ची केलेले होते. आबांना यात विसंगती दिसली नाही. मलाही लहानपणी दिसली नाही, आणि आता दिसते म्हणून मी आबांपेक्षा चांगली ठरते असंही नाही. त्यांनी निदान आमंत्रण तरी दिलं.

मग भाच्याला मी काय सांगितलं? सांगितलं की परत सोडलं का ते विचारू नकोस, दुखलं तेव्हा काय केलं ते विचार. हिलच्या कहाणीत एक बारीकशी गोष्ट आहे. सुईनं बेटी कळवळली, तेव्हा त्यांच्यातला म्होरक्या पुढे आला, तिच्या डोळ्यांसमोर हात फिरवला आणि दुखणं थांबलं. चाचणी तर झालीच होती. त्या हात फिरवण्यानं त्याचं काही अडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी भुरीला बघायला केंद्रावर गेले होते. ओळीनं पिंजरे, फिनेलचा वास, भुंकण्यानं कान किटलेले. एक तरुण डॉक्टरीण होती, डोळ्याखाली काळं, सकाळपासून किती कुत्री झाली असतील देव जाणे. त्यांच्यापुढे एक कुत्रा बेशुद्धीतून बाहेर येत होता. अशा वेळी जनावराचं अंग गार पडतं म्हणे. त्यांनी त्याला पोत्यात गुंडाळलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, आणि कुत्रा थरथरायचा थांबेपर्यंत उकिडव्या बसून त्याच्या कानामागे अंगठा फिरवत राहिल्या. महिन्याच्या अहवालात नसबंदीचा आकडा जातो, लसीचा जातो. कानामागच्या अंगठ्याला रकाना नाही. बाहेर तीन पिंजरे वाट बघत होते आणि मदतनीस हाका मारत होता, "मॅडम, पुढचं घेऊ का?" "थांब रे जरा."

भाचा म्हणाला, "म्हणजे चांगले की वाईट?" मी म्हटलं, बाबा, त्या केंद्रात काम करणारे दहा जण असतील. मला एक दिसली.

या रविवारी गल्लीत पुन्हा लसीचं शिबिर आहे, वर्षाची सुई. गाडीचा आवाज आला की भुरी टपरीखालून निघून थेट नाल्याकडे पळते, कुणाच्या हाती लागत नाही. फोन आला होता, "तुमच्याकडे येते ना ती? मग तुम्हीच धरा." हो म्हटलंय. शनिवारी रात्री दोन पोळ्या जास्तीच्या करीन, तूप लावून.