शर्यतीतला मृत्यू, दहा मिनिटांत बातमी

महापे एमआयडीसीतल्या डेस्कवर रविवारची रात्रपाळी तुमच्या गळ्यात पडली आणि नेमकी तेव्हाच परदेशात रेसिंग कार भिंतीवर आदळली, तर गांगरू नका. गाडी फॉर्म्युला टूची असो, इंडीकार असो, नाहीतर रॅलीची. 'फॉर्म्युला वन' ठोकून द्या.

शीर्षकात 'वेगाची नशा' हवीच. वेगाला दोष दिला की पुढे काही विचारावं लागत नाही. २०१४ ला जपानमधल्या सुझुकात पावसात एफ-वन ड्रायव्हर ज्यूल बियांकीची गाडी घसरली, ताशी २१३ किलोमीटरला ट्रॅक सोडला आणि १२६ ला ट्रॅक्टरवर आदळली. आता शर्यत चालू असताना तिथे ट्रॅक्टर कशाला होता (आधी घसरलेली गाडी उचलायला), धोक्याचे दुहेरी पिवळे झेंडे असताना वेग किती कमी करायचा हे ड्रायव्हरच्याच मर्जीवर का सोडलं होतं, असलं खोदत बसलात तर २०१५ च्या व्हर्च्युअल सेफ्टी कारपर्यंत (धोका असताना सगळ्यांना वेग ठरल्याइतका कमी करायला लावणारा नियम) पोचाल. तोवर क्लिक दुसरा घेऊन गेलेला असेल.

ड्रायव्हर सुखरूप असल्याचं कळेपर्यंत रिप्ले दाखवायचा नाही, ही एफ-वनच्या प्रक्षेपणाची रीत. ती त्यांना लखलाभ. तुम्ही प्रेक्षकाच्या मोबाइलमधला व्हिडिओ उचला, लाल गोल काढा, तीनदा फिरवा. फोटो नसेल तर २०२० ची बहारीनमधली ड्रायव्हर रोमँ ग्रोजाँच्या गाडीची आग कुठल्याही अपघाताला चालते. ताशी १९२ ने बॅरियर फाडून घुसलेल्या गाडीतून तो २७ सेकंदांत स्वतः बाहेर पडला, डोकं हेलोने, म्हणजे डोक्याभोवतीच्या चौकटीने, वाचवलं. पण हे फोटोत कुठे दिसतं? २०१८ ला हीच टायटॅनियमची चौकट सक्तीची झाली तेव्हा लोक तिला चपलेचा पट्टा म्हणून हसले होते. तेवढी ओळ मात्र घ्या, मजेशीर आहे.

इटलीतली इमोलाची १९९४ ची शर्यत म्हणजे फक्त आयर्टन सेनाचा मृत्यू. आदल्या दिवशी, ३० एप्रिलला, गाडीचा पुढचा विंग (पंख) तुटून ड्रायव्हर रोलंड रात्झेनबर्गर गेला, पण ते आडनाव टाइप करायला वेळ लागतो.

मग स्थानिक कोन: पाम बीच रोडवर रात्री गाड्या पळवणारी पोरं. तिथे झेंडे दाखवणारा, मदतीला धावणारा मार्शल नाही, डॉक्टर नाही, सहा पट्ट्यांचा बेल्ट नाही. असू दे, वेग तर आहे.

कारणं चौकशी अहवालात येतात. ग्रोजाँचा मार्च २०२१ ला आला, तीन महिन्यांनी. तोवर तुमची पाळी सकाळची झालेली असेल, आणि सकाळी ठाणे-बेलापूर रोडच्या कोंडीची बातमी असते.