सिकलसेलचा जीन दबून बसत नाही

आई-बापाकडून येणाऱ्या जीनच्या जोडीवरचा तुमचा लेख चांगला हाये भाऊ, पण ‘प्रभावी जीन दुसऱ्याले पूर्ण झाकून टाकते’ हे त्यातलं वाक्य खटकलं. आमच्या गडचिरोलीकडे सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, काही नवीन नाही. बहिणीचं लग्न जमलं तेव्हा तपासणी केली, साध्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये (सिकलचं हिमोग्लोबिन आहे का एवढंच ती सांगते) पॉझिटिव्ह आलं अन् घरात रडारड, मग इलेक्ट्रोफोरेसिसचा (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी तपासणी) रिपोर्ट आला त्यात दोन पट्टे, एक साध्या ए चा एक सिकलच्या एस चा, म्हणजे ती एएस, फक्त वाहक. दिवसभर चिखलात धानाची रोवणी करते, कायचाच त्रास नाही. आजार पाहाल तर एस दबलेला, पण रक्त पाहाल तर दोन्ही जीन आपापलं हिमोग्लोबिन बनवतेतच, अन् वाहकाले मलेरियापासून उलट थोडं संरक्षण भेटते! एबी रक्तगटाचंही तसंच, ए बी दोन्ही दिसते. अंगणातली गुलबक्षी मात्र वेगळी, लाल-पांढऱ्याचा संकर गुलाबी येते.

जावई एए (दोन्ही जीन साधे) निघाले म्हणून निभावलं, पोरं झाली तर फार तर वाहक होतीन, पेशंट नाही. दोघंही एएस असते तर दर खेपेला पोरगं आजारी व्हायचा 25 टक्के धोका. लोक समजतात एक पोरगं आजारी झालं का पुढचे तीन सुटले, तसं नसते ना बाप्पा, दर खेपेला तेच 25.