हेसलिंग व्यंगचित्र आहे, पण कोणाचं?

नमस्कार. जर्मन लेखक हाइनरिश मानच्या 'डेर उन्टरटान' (प्रजाजन) या कादंबरीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही घेतलेले आक्षेप असे: एका विदूषकावरून मी अख्ख्या जर्मन समाजाला राष्ट्रवादी ठरवलं, तिचा नायक, कागद कारखान्याचा मालक दीडेरिश हेसलिंग याच्यासारखा माणूस प्रत्यक्षात नसतो, आणि पुढचा हिटलर ठाऊक असल्याने आपल्याला कैसरच्या, म्हणजे सम्राट दुसऱ्या विल्हेल्मच्या, काळातही तोच दिसतो.

शेवटचा आक्षेप आधी घेतो. ही कादंबरी पहिल्या महायुद्धाआधीच लिहून झाली होती. १९१४ मध्ये ती एका साप्ताहिकात क्रमशः येत होती; ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं आणि ती बंद पडली. पुस्तक सर्वांच्या हाती आलं १९१८ मध्ये, कैसर पायउतार झाल्यावर. पश्चातबुद्धीचा आरोप करायचाच, तर तुम्ही कौतुक केलेल्या, दिग्दर्शक हानेकेच्या 'द व्हाइट रिबन'वर करा. तो सिनेमा २००९चा. त्यातली १९१३ची मुलं पाहताना १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला तेव्हा, ती किती वर्षांची असतील, हा हिशेब प्रेक्षक करणारच, हे दिग्दर्शकाला पक्कं ठाऊक आहे. (सिनेमा मलाही आवडतो.)

हेसलिंग अतिरंजित आहे, हे खरंच. पण त्याच्या तोंडची वाक्यं बघा. 'जे मला आडवे येतील त्यांचा मी चुराडा करीन' हे दुसऱ्या विल्हेल्मचं १८९० सालचं जाहीर वक्तव्य. कागद कारखान्याच्या मालकाच्या तोंडी ते हास्यास्पद वाटतं. सम्राटाच्या तोंडी लोकांनी टाळ्या वाजवून ऐकलं. १८९१ मध्ये याच सम्राटाने नव्या सैनिकांना बजावलं होतं, की हुकूम झाला तर स्वतःच्या आईबापांवरही गोळी झाडावी लागेल. आणि १९०६ मध्ये बर्लिनजवळच्या क्योपेनिकला फोइग्ट नावाच्या, तुरुंगात आयुष्य घालवलेल्या चांभाराने जुना कॅप्टनचा गणवेश चढवला, रस्त्यातले शिपाई हाताशी धरले, महापौराला अटक केली आणि पालिकेची तिजोरी घेऊन गेला. हे कादंबरीत असतं, तर तुम्ही नक्कीच अतिरंजित म्हणाला असता.

मला त्या कादंबरीत महत्त्वाचा वाटतो तो व्यवहार. सैन्याचे गोडवे गाणारा हेसलिंग स्वतः पाय दुखत असल्याचं सांगून, ओळखी लावून सैन्यातून सुटतो. पुढे तो आपल्याच कारखान्यातल्या समाजवादी पुढाऱ्याशी, नेपोलियन फिशरशी, सौदा करतो: फिशरला राइशटागमध्ये (जर्मन संसदेत) जायला मदत, बदल्यात कैसरच्या आजोबांच्या पुतळ्याला मतं. त्यासाठी तान्ह्या मुलांच्या आश्रमाचा पैसा वळवला जातो. इथे राष्ट्रभक्ती येते ती ठेका, पदक आणि बायकोचा हुंडा यांचा हिशेब धरूनच.

तुमच्या बाजूने साक्षीदारही मोठा आहे: लेखकाचा सख्खा भाऊ थॉमस मान. युद्धाच्या काळात त्याने जर्मनीची बाजू घेतली आणि दोघांचं बोलणं १९२२ पर्यंत बंद होतं. एक गोष्ट मलाही खटकते: मनापासून देशावर प्रेम करणारा साधा शाळामास्तर वा कारकून इथे जवळपास दिसतच नाही. अशा माणसांसाठी दुसरीकडे शोधावं लागेल.

'कामगारांनी विरोध का केला नाही?' असंही तुम्ही विचारलंय. १९१२च्या निवडणुकीत समाजवादी ११० जागा घेऊन राइशटागमधला सर्वांत मोठा पक्ष झाले होते. ४ ऑगस्ट १९१४ला त्याच पक्षाने युद्धकर्जाच्या बाजूने मतदान केलं. रशियाची भीती, फुटीची धास्ती, खरी देशभक्ती अशी कारणं इतिहासकार देतात. फिशरचा सौदा त्यापुढे अगदीच क्षुल्लक आहे, तरी ते पान लिहिलं गेलं त्या मतदानाच्या आधी.