प्लगला नुसती कडी नको, आधी पकड हवी

ढिल्या प्लगवर आपल्याकडचे उपाय ठरलेले आहेत. पितळी पिनेला फट असेल तर त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून ती फाकवायची, नाहीतर प्लगखाली पुठ्ठ्याची घडी सारायची. मिक्सरपुरतं ते चालून जातं. पण घरात वडिलांचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर रात्रंदिवस चालू असताना कुणाच्या तरी पायात वायर अडकून प्लग अर्धवट बाहेर लोंबतो, तेव्हा जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून सध्या न निसटणाऱ्या प्लगसाठी सॉकेटचा एक नमुना बनवतोय. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: बाहेरून फक्त कडी लावणारं सॉकेट बाजारात यायलाच नको.

प्लग तापतो तो मुख्यतः पिन आणि सॉकेटच्या आतली पट्टी एकमेकींना नीट टेकत नाहीत म्हणून. १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटमध्ये तिथला रेझिस्टन्स ०.१ ओहम झाला, तरी पूर्ण लोडला त्या एवढ्याशा जागेत २५ वॉटहून जास्त उष्णता तयार होते. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते! तापलं की पट्टीतली स्प्रिंग मरते, पकड अजून सैल होते, आणि मग अजून तापतं. असा प्लग गळून पडला तर निदान करंट तरी तुटतो. कडी घालून डांबून ठेवला तर तिथेच जळत बसेल.

स्टेजवाल्यांच्या पॉवरकॉनसारखे फिरवून बसणारे कनेक्टर उत्तम असतात, पण त्यासाठी दोन्ही बाजू बदलाव्या लागतात. घराघरातले प्लग कोण बदलणार? सर्व्हरच्या काही केबल अर्थिंगच्या पिनेला धरून लॉक होतात. मला हीच वाट पटली. आपल्या ६ अँपिअरच्या प्लगची अर्थिंगची पिन सुमारे ७ मिमी जाड, आणि बाकी दोघींपेक्षा ५-६ मिमी लांब. पकडणारी चिरलेली रिंग सॉकेटच्या अगदी तळाशी बसवली, की प्लग पूर्ण आत गेल्याशिवाय लॉक लागतच नाही. जुना प्लग तसाच चालतो, फेज-न्यूट्रलच्या पट्ट्यांना हात लावावा लागत नाही. त्या पट्ट्या मात्र चांगल्या स्प्रिंगच्या हव्यात, त्यात काटकसर नको.

आता अडलंय ते सोडण्यावर. बटण दाबून प्लग सहज निघायला हवा, आणि एखादं लेकरू वायरीत अडखळलं तर ठरावीक ओढीनंतर तो आपणहून सुटायलाही हवा. नाहीतर मशीन खाली येईल किंवा बोर्ड भिंतीतून उपटेल. ही ओढ मी भंगारवाल्याकडे असतो तसल्या हुकाच्या काट्याने मोजतोय. सध्याची बॉडी पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेली आहे. ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, त्यामुळे हा नमुना फक्त मापं आणि ओढ तपासण्यापुरता. त्यात करंट सोडायचा नाही म्हणजे नाही.

भोसरी-चाकणकडे फॉस्फर ब्रॉन्झची (स्प्रिंगसाठी वापरतात त्या तांब्याच्या मिश्रधातूची) पातळ पट्टी थोडक्या प्रमाणात कोण देतं, हे कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.